कांद्याची चाळ आणि चार ओळींचं फंक्शन

परवा दौंडहून शिरूरला मावसबहिणीकडे गेलो होतो. दारात कांद्याची चाळ भरलेली आणि आत भाची लॅपटॉपवर कांद्याच्याच डीएनएशी झगडत बसलेली.

कांद्याचा जीनोम सुमारे 1600 कोटी अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या पाचपट!

तिच्या पायथन स्क्रिप्टमध्ये डीएनएचा क्रम साठवणारी फास्टा फाइल वाचणाऱ्या त्याच ओळी चार ठिकाणी चिकटवल्या होत्या. एका जागी चूक सुधारली, बाकी तीन जागी तशीच.

अशा रोजच्या कामांसाठी हेल्पर फंक्शन लिहायचं. एकदाच लिहून वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचं आणि हवं तिथे नावाने बोलवायचं.

उदाहरणार्थ, डीएनएची समोरची साखळी काढणं. ए-टी आणि सी-जी या जोड्या बदलायच्या, मग क्रम उलटा करायचा. एटीजीसीचं होतं जीसीएटी.

दुसरं, जी आणि सी यांची टक्केवारी. इथे मी स्वतः दोन दिवस घालवलेत. जीनोमच्या फाइलींमध्ये पुनरावृत्तीचे भाग बऱ्याचदा लहान लिपीतल्या अक्षरांत असतात. माझं फंक्शन फक्त मोठी अक्षरं मोजायचं. कांद्यात तर पुनरावृत्तीच जास्त, त्यामुळे उत्तर साफ चुकलं. आधी सगळी अक्षरं मोठी करून घ्या, आणि न ओळखलेल्या जागांचं 'एन' भागाकारात धरू नका.

बायोपायथन या पायथन लायब्ररीमध्ये हे सगळं तयार मिळतं. मोठ्या कामाला तेच वापरा, पण शिकताना एकदा हाताने लिहाच.

तुमची स्क्रिप्ट कुठे अडलीये? कमेंटमध्ये टाका, मिळून बघू.