इमारती उभ्या राहतील, पण टेम्पो कोठे उभा राहणार?

भिवंडीहून निघालेला कापडाचा टेम्पो भेंडी बाजाराच्या तोंडाशी येतो आणि अडकतो. गाठी उतरवायला पंधरा मिनिटे पुरतात. उभे राहायला जागा मिळेपर्यंत तास जातो. त्या तासाचे भाडे, हमालांची खोटी आणि कंटाळून परत गेलेले गिऱ्हाईक, हे सारे शेवटी आमच्याच वहीत नावे पडते.

या भागात सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टची पुनर्विकास योजना चालू आहे. ट्रस्टची स्थापना २००९ सालची. सुमारे साडेसोळा एकर जागा, अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती आणि साडेबाराशे दुकाने तीत येतात. रुंद रस्ते आणि पार्किंग आराखड्यात आहे, ही चांगली गोष्ट. पण योजनेची हद्द संपते तेथे रस्ता जुनाच राहतो. त्या रस्त्याचा खर्च कोणी करायचा?

दोन जुने अनुभव डोळ्यांसमोर आहेत. मोहम्मद अली रोडवरचा जे. जे. उड्डाणपूल २००२ साली खुला झाला. फोर्टकडे जाणाऱ्यांची सोय झाली, परंतु बाजारात उतरायला मध्ये वाट नाही. वरची वाहने सुटली, खालची हातगाडी तेथेच राहिली. मुंबईतील उड्डाणपुलांचा खर्च शहराच्या पाच प्रवेशद्वारांवरील टोलमधून वसूल करण्याचे ठरले. म्हणजे आमच्या मालाच्या गाड्यांनीही पैसे भरले.

दुसरा अनुभव वांद्रे-कुर्ला संकुलाचा. १९७७ साली तेथील नियोजन प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडे आले. प्राधिकरणाने जमिनी भाडेपट्ट्याने दिल्या आणि त्या उत्पन्नातून विकासाची कामे केली. मार्ग योग्य होता, क्रम मात्र चुकला. कचेऱ्या आधी भरल्या. चुनाभट्टीकडचा उन्नत रस्ता २०१९ मध्ये आणि मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. मधल्या काळात लोकांनी रांगेत दिवस काढले.

भेंडी बाजारात विकायला सरकारी जमीन नाही. येथे पैसा आहे तो वाढीव चटईक्षेत्रात. नगररचना कायद्यात १९९२ पासून विकास शुल्काची तरतूद आहे. आमचे म्हणणे इतकेच की, या भागातील बांधकामातून येणाऱ्या शुल्काचा ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा आणि याच भागाच्या रस्त्यांवर खर्च करावा. खात्याचा हिशोब दरवर्षी जाहीर व्हावा. कामाआधी वाहनांची मोजणी व्हावी. त्यात मोटारींबरोबर टेम्पो आणि हातगाड्याही मोजाव्यात. माल उतरवण्याची जागा तयार झाल्याखेरीज नव्या इमारतीतील दुकाने उघडू नयेत.

आता थोडे आमच्याविषयी. फुटपाथवर गाठी रचायच्या आणि रस्ता अरुंद म्हणून ओरडायचे, हे शोभत नाही. रात्री माल उतरवायचा ठरला तर नोकर थांबवावा लागेल. उतरवण्याच्या जागेचे वाजवी भाडे मागितले तर तेही द्यावे लागेल. रोज एक तास फुकट घालवण्यापेक्षा हा सौदा स्वस्तच पडेल.

पुनर्विकासासाठी वर्षानुवर्षे दुसरीकडे बसलेला दुकानदार नव्या गाळ्यात परत येईल तेव्हा गिऱ्हाईकही परत आले पाहिजे. त्याला येण्याजोगी वाट नसेल, तर संगमरवरी गाळा काय कामाचा?