पोटाचे दुखणे आणि डोळ्यांवरची पेटी

डोंबिवलीहून सकाळची लोकल गाठणारे कितीतरी नोकरदार घरून निघताना चहाचा घोटही घेत नाहीत. उपनगरी गाडीत शौचालय नाही. गर्दीत वाटेतच कळ आली तर? ही धास्ती घेऊनच माणूस गाडीत चढतो आणि नेमकी ठाणे येण्यापूर्वी कळ येते. पुढे तपासण्या होतात, अहवाल निर्दोष येतात आणि ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असे सांगून त्याची बोळवण केली जाते.

वस्तुतः त्याचे दुखणे खरे असते. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचे जाळे असून मेंदूशी त्याचे दळणवळण अखंड चालते. ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ या विकारात आतड्यावर व्रण दिसत नाही. विसकटलेली असते ती या दळणवळणाची घडी. म्हणूनच केवळ गोळ्यांनी अनेकांचे भागत नाही. मँचेस्टरचे डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ३० रुग्णांचा अभ्यास करून, संमोहनाने या विकाराला उतार पडतो हे दाखवून दिले.

आभासी वास्तव हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल. डोळ्यांवर पेटी चढवताच रुग्णापुढे शांत सरोवर उभे राहते, श्वासाची लय सावकाश होते आणि वेदनेवर खिळलेले लक्ष सुटते. अमेरिकेत जुनाट कंबरदुखीसाठी अशा साधनाला २०२१ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. पोटाच्या विकारांवरील चाचण्या मात्र अद्याप लहान आणि अल्पमुदतीच्या आहेत. तेव्हा या पेटीला रामबाण ठरवण्याची घाई नको, तशीच तिची टिंगलही नको.

आपल्याला हे तत्त्व परके नाही. श्वास आणि शरीरव्यापार यांच्या संबंधाचा प्रयोगशाळेत शोध घेण्यासाठी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्येच लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. महागडी पेटी परवडत नाही म्हणून कल्याणच्या शिक्षकाने हताश होण्याचे कारण नाही. दीर्घ श्वसनाला पासही लागत नाही. मात्र शौचावाटे रक्त, घटणारे वजन, ताप वा रक्तक्षय दिसल्यास श्वसनावर विसंबू नये. तत्काळ डॉक्टर गाठावा.

आणि डॉक्टरांनीही अहवालाबरोबर रुग्णाकडे पाहावे. स्थानकावरची स्वच्छ शौचालये आणि वैद्याची दहा मिनिटे, हेही औषधाविना उपचारच आहेत. ते देण्यासाठी कोणत्याही आभासाची गरज नाही.