पडद्यावरची अक्षरे व कमी ऐकू येणारी मंडळी

उतारवयात कान मंद झाले म्हणजे आवाजच कमी येतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. वयोमानाने प्रथम जाऊ लागतात ते उंच पट्टीतले ध्वनी. आणि स, त, क, फ यांसारखी व्यंजने ओळखण्यास तेच लागतात. स्वर कानी पडतात, व्यंजने निसटतात. कोणी बोलत आहे हे कळते. पण तो ‘सात’ म्हणाला की ‘हात’, याचा उलगडा होत नाही. टीव्हीचा आवाज वाढविला तर गोंगाट वाढतो, शब्द काही स्पष्ट होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी २५ टक्क्यांहून अधिक लोकांना त्रासदायक ठरेल इतका श्रवणदोष असतो. जन्मापासून कर्णबधिर असलेली मंडळी निराळीच. तेव्हा हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातला आहे.

यावर ‘क्लोज्ड कॅप्शन’ हा एक साधा उपाय आहे. चित्राखाली संवाद अक्षरांत उमटतात. पाहणाऱ्याने मागितली तरच ती दिसतात, एरवी झाकलेली राहतात, म्हणून ‘क्लोज्ड’. आपण ज्यांना सबटायटल्स म्हणतो, ती बहुधा भाषांतरे असतात. पाहणाऱ्याला ऐकू येते, केवळ भाषा कळत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. कॅप्शन लिहिणारा मात्र पाहणाऱ्याला ऐकूच येत नाही असे धरून चालतो. म्हणून संवादाबरोबर ‘दार वाजते’, ‘दूरवर रेल्वेची शिटी’ अशा खुणा तो देतो, आणि बोलणारा पडद्याबाहेर असेल तर त्याचे नावही लिहितो.

या सोयीचा उगम अमेरिकेत झाला. १९७२ साली बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने ‘द फ्रेंच शेफ’ हा पाककृतींचा कार्यक्रम सर्वांना दिसतील अशा अक्षरांसह दाखविला. पुढे १६ मार्च १९८० पासून झाकलेली अक्षरे सुरू झाली. टीव्हीच्या चित्रातील एकविसाव्या, न दिसणाऱ्या रेषेत ती गुंफून पाठवीत, आणि ती उलगडण्यासाठी निराळे यंत्र विकत घ्यावे लागे. १९९० च्या कायद्याने ही अडचण दूर केली. जुलै १९९३ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या, १३ इंच वा त्याहून मोठ्या पडद्याच्या प्रत्येक संचात ही योजना आतच बसविणे सक्तीचे झाले.

पुढे इंटरनेटवरून चित्रपट घरी येऊ लागले आणि मिळविलेले पुन्हा हातचे जाण्याची वेळ आली; कारण १९९० चा कायदा टीव्ही संचापुरताच होता. २०१० साली अमेरिकेत नवा कायदा झाला. टीव्हीवर कॅप्शनसह दाखविलेला कार्यक्रम इंटरनेटवरही कॅप्शनसहच द्यावा, असे त्याने ठरविले. तेथील ‘नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ’ ही बधिरांची संस्था १८८० पासूनची. तिने २०११ साली नेटफ्लिक्सविरुद्ध दावा लावला. २०१२ मध्ये तडजोड झाली आणि २०१४ पर्यंत सर्व चित्रपटांना व मालिकांना कॅप्शन देण्याचे कंपनीने मान्य केले. ही सोय कोणाच्या दयेने मिळाली नाही. गरजवंतांनी संघटित होऊन ती मिळविली.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची नोंद सुमारे ५० लाख आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्यात कॅप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१९ साली केंद्र सरकारने टीव्ही वाहिन्यांसाठी याविषयीचे मानदंड प्रसिद्ध केले. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’ हा हिंदी चित्रपट इंटरनेटवर येण्यापूर्वी त्याला हिंदी कॅप्शन जोडण्याचा आदेश दिला.

त्यातील ‘हिंदी’ हा शब्द महत्त्वाचा. मराठी चित्रपटांखाली पुष्कळदा केवळ इंग्रजी अक्षरे असतात. मराठी न जाणणाऱ्याला ती उपयोगी. पण जन्मभर मराठी वाचलेल्या आणि आता ऐकू न येणाऱ्या आजीला त्यांचा काय उपयोग? तिला मराठी संवाद मराठीतच वाचावयास हवेत. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांनाही याचा लाभ होईल. घरी मराठी बोलणारी, पण शाळेत निराळी लिपी किंवा भाषा शिकणारी मुले त्या निमित्ताने मराठी वाचू लागतील. १९९९ साली प्रा. ब्रिज कोठारी यांनी गुजरातमध्ये दूरदर्शनच्या चित्रगीतांखाली गुजरातीतच ओळी दाखविण्याचा उपक्रम सुरू केला, तो वाचनाची सवय वाढावी याच हेतूने.

इंटरनेटवरील चित्रपटाबरोबर संवादांची एक छोटी निराळी फाइल येते. कोणते वाक्य कोणत्या क्षणी दिसावे व कधी जावे, याच्या वेळा तीत नोंदलेल्या असतात. ती निराळी असल्यामुळेच एकाच चित्रपटाला अनेक भाषांची अक्षरे जोडता येतात आणि अक्षरांचा आकारही बदलता येतो. चित्रपट चालू असता रिमोटवर बोलण्याच्या चौकटीचे चिन्ह किंवा ‘ऑडिओ व सबटायटल्स’ हा पर्याय शोधावा. यादीत भाषेच्या नावापुढे ‘सीसी’ किंवा ‘एसडीएच’ असेल, तर ती बधिरांसाठी केलेली अक्षरे समजावी. फायर टीव्ही, रोकू, अ‍ॅपल टीव्ही यांसारख्या उपकरणांत सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ हा विभाग असतो. तेथे अक्षरे मोठी करावी आणि मागे काळी पट्टी ठेवावी. वृद्ध डोळ्यांना ती चांगली दिसतात. काही अ‍ॅप मात्र स्वतःचीच मांडणी वापरतात. तेथे त्या अ‍ॅपमध्ये पुन्हा निवड करावी लागते.

घरातील तरुणांनी एवढे दहा मिनिटांचे काम वडीलधाऱ्यांसाठी अवश्य करावे, आणि अक्षरांमुळे चित्र झाकले जाते अशी कुरकुर करू नये. जेथे मराठी कॅप्शन नाहीत, तेथे अ‍ॅपच्या ग्राहक-सेवेकडे ती लेखी मागावीत. आपल्या संस्थेच्या सभागृहात यापुढे चित्रपट दाखविला जाईल, तेव्हा तो अक्षरांसह दाखवावा, अशी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. ऐकू येत नाही म्हणून कोपऱ्यात बसणारे आपले ज्येष्ठ सभासद त्या दिवशी पुढच्या रांगेत येऊन बसतील.