हिमथंडीत रुसलेली मोटार

लेहच्या हिवाळ्यात पहाटे मोटार सुरू होईना, तर प्रथम तिचा आवाज कान देऊन ऐकावा. स्टार्टर मंद फिरत असेल, तर दोष बॅटरीचा समजावा. उणे १८ अंशांस तिची शक्ती जवळजवळ निम्मी होते, आणि नेमके त्याच वेळी दाट झालेले वंगण एंजिनास जखडून ठेविते. गोठलेल्या बॅटरीस दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडू नयेत. ती फुटण्याचे भय असते. स्टार्टर जोमाने फिरूनही एंजिन सुरू होत नसेल, तर डिझेलमधील मेण थिजून गाळणी तुंबली असण्याचा संभव असतो. याचसाठी २०१९ साली लडाखमध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आले. टाकीखाली शेकोटी मात्र कदापि पेटवू नये. वाचलेला अर्धा तास जिवावर बेततो; उन्हाची वाट पाहणेच श्रेयस्कर होय.