वायू हवा, पण पाण्याचं काय?

अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात युरिया कशापासून बनतो, ठाऊक आहे? नैसर्गिक वायूपासून! १९७४ साली सापडलेल्या बॉम्बे हायचा वायू समुद्रातल्या नळांतून उरणला येतो. समुद्राखालचा तो खडक सच्छिद्र; भोक पाडलं, की वायू आपोआप वर येतो.

शेल नावाच्या घट्ट खडकात मात्र तो अडकून बसतो. मग पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबानं घुसवून खडकाला तडे पाडावे लागतात. अमेरिकेनं असा भरपूर वायू काढला. फ्रान्सनं २०११ साली या पद्धतीवर बंदीच घातली. वाद पाण्याचा! भूजल बिघडण्याची भीती, शिवाय एकेका विहिरीला कोटीभर लीटर पाणी. म्हणजे दहा हजार लीटरचे हजार टँकर!

रायगडचा काळा कातळ शेल नव्हे. पण पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना विचारून बघा: हंडाच रिकामा असेल, तर गॅस पेटवून त्यावर ठेवायचं काय?