मोडीतले तांबे

आमच्या लहानपणी तांबे घराबाहेर पडे ते कासाराच्या दुकानी, आणि तेही मोडीत. पोचा आलेले घंगाळ, कान तुटलेला हंडा, कल्हईच्या पलीकडे गेलेले पातेले असा ऐवज घेऊन आजी स्वतः जात असे; कासार तो तराजूत टाकी, मोडीचा भाव सांगे, यथासांग घासाघीस होई आणि शेवटी वहीत वजनाशेजारी घरधन्याचे नाव लिहिले जाई. त्या कासाराला कायद्याची कलमे ठाऊक नव्हती. परंतु गावातले कोणते घंगाळ कोणत्या घरचे हे त्याला पुरते ठाऊक असे, आणि परक्याच्या हाती ओळखीचे भांडे दिसले, तर तराजू उचलण्यापूर्वी त्याच्या भुवया उचलल्या जात.

नंदुरबार आणि नवापूर यांच्या दरम्यान, सुरतेहून येणाऱ्या लोहमार्गावर वसलेल्या खांडबाऱ्यासारख्या गावी आज जे तांबे मोडीत निघते, त्याला असे घर नसते. सभोवारच्या पाड्यांचा बाजारहाट जेथे होतो, तेथे बँक आली, पैसे देणारे यंत्र आले, कापडाची दुकाने वातानुकूलन यंत्राने थंड झाली. आणि जे यंत्र आज थंडावा देते, ते काही वर्षांनी भंगारवाल्याच्या काट्यावर येणारच. लोखंडाचा भाव किलोला दहांत आणि तांब्याचा शेकड्यांत मोजला जात असल्यामुळे, यंत्राच्या त्या अवजड देहात भंगारवाल्याचा जीव गुंतलेला असतो तो केवळ काही किलो तांब्यात: ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांतून नागमोडी फिरणाऱ्या नळीत, आतले व बाहेरचे खोके जोडणाऱ्या दोन पाइपांत आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगमध्ये. अलीकडे काही यंत्रांत नळीही ॲल्युमिनियमचीच असते. म्हणून जाणता भंगारवाला आधी कानस फिरवतो आणि तांबूस रेघ उमटली तरच भाव बोलतो.

नळी कशी कापली आहे, यावरूनही पुष्कळ कळते. कसबी मिस्त्री यंत्र उतरवताना प्रथम एक झडप बंद करून यंत्र चालू ठेवतो, सारा वायू बाहेरच्या खोक्यात ओढून घेतो, मग दुसरी झडप बंद करतो आणि कटर फिरवून नळी सरळ कापतो. ज्याला अंधारात दोन मिनिटांत काम उरकायचे असते, त्याच्या हातची नळी चेपलेली, पिळून तोडलेली, तेलाने माखलेली असते, आणि तिच्यातला वायू केव्हाच आकाशात गेलेला असतो. हा वायू निरुपद्रवी नव्हे. जुन्या यंत्रांतला आर-२२ हा ओझोनचे आवरण झिजवतो. त्याच्या मागून आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, परंतु वातावरण तापवण्याची त्याची शक्ती कर्बवायूच्या सुमारे २,०८८ पट मानली जाते. तेव्हा यंत्राच्या मालकाचे जे नुकसान होते, त्याहून मोठे नुकसान फिर्यादीत कधी नोंदले जात नाही.

कायदा येथे अडतो तो ओळखीपाशी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये, माल चोरीचा आहे हे ठाऊक असून अथवा तसे मानण्यास कारण असून जो तो अप्रामाणिकपणे घेतो, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु हे ‘ठाऊक असणे’ शाबीत करायचे कसे? तारायंत्राच्या तांब्याच्या तारा चोरीस जाऊ लागल्या तेव्हा सरकारने १९५० साली, आणि रेल्वेच्या मालमत्तेसाठी १९६६ साली, स्वतंत्र कायदे करून शाबितीचे ओझे माल बाळगणाऱ्याच्या शिरावर टाकले. खांडबारा स्थानकाच्या फलाटावर उभे राहून मान वर केली, तर गाडीला वीज पुरवणारी जी तांब्याची तार दिसते, तिच्या दोन्ही बाजूंस पकडीसाठी खाचा असतात. त्या खाचाच तिची जात सांगतात, आणि ती घरच्या माळ्यावर सापडली असे कोणी शपथेवर सांगू धजणार नाही. वातानुकूलनाच्या नळीला अशी खाच नाही. तशीच नवी नळी बाजारात वेटोळ्याने मिळते, आणि जुनी १,०८५ अंशांवर एकदा वितळली, की मुद्देमाल म्हणून तिचे अस्तित्वच संपते.

म्हणून इतर देशांनी वितळण्याच्या आधीची जागा धरली. इंग्लंड व वेल्समध्ये २०१३ च्या कायद्याने भंगार खरेदीत रोख पैसे देण्यास मनाई आहे आणि विकणाऱ्याची ओळख पटवून घेणे बंधनकारक आहे. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात तांब्यासारखा धातू भंगारात विकायचा, तर शेरीफच्या कचेरीतून परवाना आणावा लागतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी यंत्राचा कारखानदार, ते बाजारात आणणारा उत्पादक, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा आणि धातू परत मिळवणारा, अशा चौघांस नोंदणी सांगितली. पण खांडबाऱ्याच्या गल्लीतून हातगाडी ढकलणारा फेरीवाला ह्या चारांपैकी कोणत्याच घरात बसत नाही. वस्तू व सेवा कराने १० ऑक्टोबर २०२४ पासून अधिक व्यवहारी वाट काढली: नोंदणी नसलेल्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचे भंगार घेतले, तर कर घेणाऱ्यानेच भरावा आणि खरेदीची पावतीही त्यानेच करावी. युक्ती उत्तम, मात्र कर भरला की सरकारचे समाधान होते, माल कोठून आला हा प्रश्न ती पावती विचारत नाही. शिवाय फेरीवाल्याकडून छोट्या भंगारवाल्याकडे होणारी पहिली विक्री तिच्या कक्षेबाहेरच राहते, आणि पन्नास हजार रुपयांच्या आतले पोते ई-वे बिलावाचून सरहद्द ओलांडून गुजरातेत जाऊ शकते. सरहद्द तरी किती दूर? नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे.

रोखीवर सरसकट बंदी घालावी, असे मला वाटत नाही. दिवसभर उन्हात फिरून संध्याकाळी मीठमिरची घेऊन पाड्यावर परतणाऱ्याला बँकेच्या खात्यातला आकडा त्या संध्याकाळी उपयोगाचा नसतो. त्याहून सोपा उपाय यंत्राच्या अंगावरच आहे. बाहेरच्या खोक्याच्या पत्र्यावर तळहाताएवढी एक पट्टी असते, आणि तीवर कंपनीचे नाव, अनुक्रमांक, भरलेल्या वायूचे नाव व वजन छापलेले असते. पहिल्या खरेदीच्या पावतीवर तांब्याच्या वजनाशेजारी हा अनुक्रमांक, यंत्र उतरवणाऱ्या मिस्त्रीचे नाव आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राचा क्रमांक उतरवून घेण्याची सक्ती केली, तर कासाराच्या वहीतला तो रकाना पुन्हा भरू लागेल. आज काट्यावर पहिले काम होते ते स्क्रू काढून पत्रा अलग करण्याचे. तांबे एका पोत्यात जाते, ॲल्युमिनियम दुसऱ्यात, आणि अनुक्रमांक स्वच्छ वाचता येईल असा तो पत्रा लोखंडाच्या ढिगावर जाऊन पडतो.