चांगले युकुलेले महागले कशाने? चार तारांमागचे अर्थकारण

चंडीगड : वाहनांना मज्जाव असलेला सेक्टर १७ चा विस्तीर्ण चौक ली कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यात शहराचे व्यापारी केंद्र म्हणून आखला गेला. या बाजारपेठेत मुलासाठी पहिले वाद्य घ्यायला आलेल्या पालकाला युकुलेले हा सोपा पर्याय वाटतो. ते आकाराने लहान असते, त्याला चारच तारा असतात आणि त्या नायलॉनच्या असल्याने कोवळ्या बोटांना टोचत नाहीत. मात्र खेळण्याच्या दर्जाचे युकुलेले आणि खरोखर सुरात बोलणारे युकुलेले यांच्या किमतींतील अंतर वाढत चालले आहे. या वाढीचा दोष दुकानदाराच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात तिची बहुतेक कारणे चंडीगडपासून बरीच दूर आहेत.

सर्वांत मोठे कारण रुपया. भारतात विकली जाणारी बहुतेक युकुलेले आयात केलेली असतात, त्यातही चीनमध्ये तयार झालेल्यांचा भरणा अधिक. व्यवहार डॉलरमध्ये होतो. २०१७ च्या अखेरीस एका डॉलरला ६५ रुपयांहून थोडे कमी मोजावे लागत. डिसेंबर २०२४ मध्ये ८५ चा आणि डिसेंबर २०२५ मध्ये ९० चा टप्पा ओलांडला गेला. म्हणजे कारखानदाराने एक सेंटही वाढवला नसता, तरी वाद्य महागलेच असते.

त्यावर करांची चळत चढते. आयात मूल्यावर १० टक्के मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सर्वांच्या बेरजेवर १८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. उदाहरणादाखल १५० डॉलरचे वाद्य घेऊ. डॉलर ६५ रुपयांना धरला, तर ९ हजार ७५० रुपयांचे वाद्य करांसह सुमारे १२ हजार ७७० रुपयांना पडते. करांचे हेच दर कायम ठेवून डॉलर ९० रुपयांना धरला, तर रक्कम सुमारे १७ हजार ६८० रुपयांवर जाते. वाढ जवळपास ४ हजार ९०० रुपयांची. त्यातले ३ हजार ७५० रुपये घसरलेल्या रुपयाचे आणि उरलेले अकराशेहून अधिक रुपये त्या घसरणीवर आपोआप वाढलेल्या करांचे. वाहतूक, विमा आणि विक्रेत्याचा नफा यांचा हिशेब यात धरलेला नाही. आयातदाराला १८ टक्के कराची वजावट मिळते हे खरे. पण अखेरीस ग्राहक तोच कर नफ्यासह होणाऱ्या संपूर्ण किमतीवर भरतो.

कराचा दर मात्र चढलेला नाही. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा वाद्ये २८ टक्क्यांच्या गटात होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती १८ टक्क्यांवर आणली गेली. सतार, तानपुरा यांसारखी ठरावीक हस्तनिर्मित देशी वाद्ये करमुक्त ठेवण्यात आली. युकुलेले त्या यादीत बसत नाही.

वाहतुकीच्या बाबतीत तांबड्या समुद्रातील हल्ल्यांचे कारण पुष्कळदा पुढे केले जाते. चीनहून भारतात येणारा माल मलाक्काच्या सामुद्रधुनीतून येतो, तांबड्या समुद्रातून नव्हे. त्यामुळे ते कारण येथे थेट लागू पडत नाही. २०२१ मधील कंटेनरटंचाईचा फटका मात्र खरा होता. युकुलेले वजनाला हलके असले तरी पोकळ असते. ते कंटेनरमध्ये वजनाच्या मानाने फार जागा अडवते आणि भाडे जागेचे भरावे लागते. चंडीगडला बंदर नाही. न्हावा-शेवा किंवा मुंद्रा येथे उतरलेल्या मालाला पुढे हजार किलोमीटरहून अधिक खुश्कीचा प्रवास करावा लागतो.

आता लाकडाविषयी. युकुलेलेचा पूर्वज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचा. ऑगस्ट १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून होनोलुलूला उतरलेल्या स्थलांतरितांत मॅन्युएल नुनेस यांच्यासह तीन कुशल सुतार होते. त्यांनी हवाई बेटांवरील ‘कोआ’ या लाकडाची वाद्ये घडवली आणि कोआ हेच उत्तम युकुलेलेचे लाकूड ठरले. हा वृक्ष केवळ हवाईतच नैसर्गिकरीत्या वाढतो. गुरांच्या चराईने तेथील जंगले आक्रसली, त्यामुळे चांगले कोआ दुर्मीळ झाले. होनोलुलूच्या १९१६ पासूनच्या ‘कमाका’सारख्या कारखान्यातील वाद्य म्हणूनच सामान्य शिकाऊच्या आवाक्याबाहेर असते.

दांडीवरील पट्टीसाठी वापरल्या जाणाऱ्या शिसवीचीही वेगळी कथा आहे. वन्यजीव व्यापारावरील ‘साइट्स’ कराराने जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या संपूर्ण कुळावर निर्बंध घातले. त्यामुळे कारखानदारांनी अक्रोडासारखे पर्याय धरले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली. उत्तर भारतातील शिशम याच कुळातला. पिएर जानरे यांच्या चंडीगडमधील ज्या खुर्च्या आज परदेशी लिलावांत मोठ्या किमतींना जातात, त्यांतील काही याच लाकडाच्या आहेत.

मग ही वाद्ये येथेच का घडू नयेत? कौशल्याचा तुटवडा नाही. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तबली, घोडी, खुंट्या यांचे शास्त्र तेथील कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. पण सतारीचे पडदे सरकवता येतात, युकुलेलेचे कायमचे ठोकलेले असतात. एक चुकीचा पडदा वाद्य कायमचे बेसूर करतो. ती अचूकता यंत्राने, हजारोंच्या संख्येत साधली तरच स्वस्तात पडते. हाताने घडवलेल्या एखाददुसऱ्या नगाला आयातीशी किमतीत स्पर्धा करता येत नाही.

याचा भार येतो तो शिकणाऱ्यावर. किंमत परवडत नाही म्हणून सर्वांत स्वस्त वाद्य घेतले जाते, ते सुरात राहत नाही आणि आपल्याला कान नाही अशी मुलाची समजूत होते. दोष वाद्याचा असतो. अशा वेळी अखंड लाकडाच्या मोहात न पडता थरांच्या लाकडाचे, पण नीट जुळवलेले वाद्य घेणे शहाणपणाचे. चंडीगडचा कोरडा उन्हाळा आणि दमट पावसाळा अखंड लाकडाला तडे पाडू शकतो. थरांचे लाकूड त्यात अधिक टिकते.

पैसे मोजण्यापूर्वीची परीक्षा दुकानातच करता येते. चारही तारा सुरात लावून प्रत्येक तार आधी मोकळी आणि मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवावी. दुसरा स्वर बरोबर वरच्या सप्तकातला लागला पाहिजे. तो चढा किंवा उतरता लागत असेल, तर घोडी अथवा पडदे चुकले आहेत असे समजावे आणि दुसरा नग मागावा.